चुलीवर पारखलेलं शास्त्र



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यात दोन कामं एकदम सुरू होतात. कुणाच्या घरी दिवाळीचं सारवण-रंगवण निघतं, तर कुणाच्या घरी बिऱ्हाड बांधायला घेतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, सगळ्या डोंगरपट्ट्यात हेच. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप येतो आणि कोयता निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे तुम्हाला सांगायला नको.

ऊसतोडीहून आलेल्या आपल्या गटातल्या बायांना आम्ही विचारलं, फडात सगळ्यात जास्त काय दिसतं? त्यांनी उसाचं नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, पाचट. पाय रुतेल एवढं पाचट. हाताला कापतं, अंगाला खाजतं. वाढं तरी बांधून विकता येतं, पाचटाचं काहीच होत नाही. ऊस कारखान्याला गेला की शेतमालक काडी लावतो आणि रात्रभर फड पेटलेला. त्याच फडाच्या कडेला कोपीत आपली बाई ओल्या काटक्यांवर फुंकर घालून भाकरी थापत असते. शेजारी एवढा जाळ, आणि चुलीला जळण नाही!

ही गोष्ट एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या डोक्यात बसली. त्यांचं नाव डॉ. आनंद दिनकर कर्वे. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे. ह्या माणसानं जन्मभर रूढ शास्त्राला न पटणाऱ्या कल्पना मांडल्या. त्यातल्या काही खऱ्या ठरल्या, काहींवर अजून वाद आहे. पण नवी कल्पना खरी की खोटी हे कसं ठरवायचं, ते आपल्याला ह्या गोष्टीतून शिकता येतं. आपल्या दारात रोज कुणी ना कुणी नवं औषध, नवं खत, नवी चूल घेऊन येतं, म्हणून हे शिकणं गरजेचं आहे.

आधी घर पाहू. आनंदरावांचे आजोबा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवा बायांसाठी १८९६ साली आश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे. काका रघुनाथ कर्वे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा लोकांनी नावं ठेवली. वडील दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक. आई इरावती कर्वे. गावोगाव फिरून माणसांचा, नातेसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या आणि ‘युगान्त’ लिहिणाऱ्या. लोकांना न पटणारं बोलायचं, पण बोललेलं करून दाखवायचं, ही त्या घराची रीतच होती.

आनंदराव वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढच्या अभ्यासाला जर्मनीत त्युबिंगेनच्या विद्यापीठात गेले. तिथे एर्विन ब्युनिंग नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. झाडाला वेळ कशी कळते, हा त्यांचा विषय.

आपल्याला हे नवं नाही. चिंचेची पानं तिन्हीसांजेला मिटतात, सकाळी उघडतात. आपण म्हणतो, झाड झोपलं. आता प्रश्न असा, की अंधार पडला म्हणून झाड झोपतं, का झाडाच्या आतच एखादं घड्याळ आहे? रोप अंधाऱ्या खोलीत ठेवलं, तरी पानं वेळेवर मिटतात आणि उघडतात. मग हे घड्याळ कुठलं?

१९३०च्या आसपास जर्मनीतल्या रोझ श्टॉपेल नावाच्या एका बाई हाच अभ्यास करत होत्या. त्यांची कल्पना अशी, की हवेत काहीतरी विद्युतशक्ती दिवसभरात कमी-जास्त होत असावी आणि झाड तिच्यावरून वेळ ओळखत असावं. कल्पना भौतिकशास्त्रातली होती आणि धाडसाची होती. ब्युनिंग आणि त्यांचे जोडीदार कुर्ट श्टेर्न यांनी ती तपासायला घेतली. अंधाऱ्या खोलीतल्या घेवड्याच्या रोपांना पाणी घालायला रोज सकाळी आत जावं लागे. जाताना हातात मंद लाल दिवा असायचा. लाल उजेडानं झाडाला काही होत नाही, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. पुढे रोपं हलवली श्टेर्न यांच्या घरातल्या बटाट्याच्या तळघरात. ते घर लांब, त्यामुळे पाणी घालायला सकाळऐवजी दुपारी जाणं व्हायचं. आणि काय गंमत! पानांची झोपायची वेळही तेवढीच पुढे सरकली. म्हणजे हवेतली वीज नव्हे, तर तो पाणी घालणाऱ्याचा लाल दिवाच झाडाचं घड्याळ लावत होता. दिवा बंद केला, तरी पानं हलतच राहिली, पण चोवीस तासांऐवजी सुमारे पंचवीस तासांच्या फेऱ्यानं. घड्याळ झाडाच्या पेशीतच होतं. उजेड फक्त ते रोज जुळवून देत होता.

पेशी म्हणजे काय? घर विटांचं असतं, तसं झाड पेशींचं असतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढी बारीक एकेक पेशी. हिरव्या पेशी उन्हातून, हवेतून आणि पाण्यातून साखर करतात. ही साखरच पुढे लाकूड, पान, दाणा, सगळं होते. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ह्याच त्युबिंगेनमध्ये आनंदरावांनी आपल्या पानफुटीच्या जातीतल्या एका फुलझाडावर काम केलं. त्याच्या पाकळ्या उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. अंधारातून उजेडात किंवा उजेडातून अंधारात नेलं, की हा ताल कसा सुरू होतो, ते त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पाहिलं. १९६१ साली ते छापून आलं. बटाट्याच्या तळघराची गोष्ट ज्या गुरूची, त्याच्याच विद्यापीठात ते तयार झाले. कल्पना कितीही मोठ्या माणसाची असो, ती तळघरात नेऊन पाहायची, हा त्या गोष्टीतला धडा.

देशात परतल्यावर त्यांनी आधी विद्यापीठांत शिकवलं. मग ते साताऱ्याकडच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत आले. तिथे त्यांनी करडईवर बरंच काम केलं. करडई आपल्या मराठवाड्याचं जुनं पीक. आपल्या सासवा ज्वारीत करडईचे पाटे धरायच्या, तेल घरचं असायचं. प्रयोगशाळेतला माणूस इथे शेतात उतरला आणि शेतकऱ्याच्या घरात काय जळतं, काय वाया जातं, ते त्यांनी जवळून पाहिलं. पुढे १९९६ साली काही शास्त्रज्ञ मंडळींना घेऊन त्यांनी ‘अॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ ही संस्था काढली. नाव लांबलचक, म्हणून सगळे तिला ‘आरती’ म्हणतात. खेड्याला पेलेल असं तंत्र शोधायचं, हे तिचं काम.

पहिली मोठी गोष्ट पाचटाची. एक हेक्टर ऊस तुटला, की सुमारे १० टन पाचट मागे राहतं. गुरं ते खात नाहीत. चुलीत घातलं, तर भप्पकन पेटतं आणि लगेच विझतं, धूर मात्र घरभर. मग त्याचा कोळसा केला तर? कोळसा हळू जळतो, धूर करत नाही आणि पोत्यात भरून ठेवता येतो. पण पाचट उघड्यावर पेटवलं, तर हाती राखच येते. म्हणून ‘आरती’नं विटांची भट्टी बांधली. टिपाडात पाचट गच्च भरायचं आणि ती टिपाडं भट्टीत उपडी ठेवायची. खाली थोडं पाचट पेटवायचं. टिपाडातल्या पाचटाला ताप लागतो, पण हवा मिळत नाही, म्हणून ते जळत नाही, करपून काळं होतं. त्यातून निघणारा वायूच खाली पेटतो आणि भट्टीला तापवतो. काळ्या भुग्यात शेण किंवा खळ कालवून यंत्रातून कांड्या काढायच्या आणि वाळवायच्या. झाला कांडी कोळसा.

ह्या कामात त्यांची मुलगी डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांचा मोठा वाटा. त्या भौतिकशास्त्राच्या. म्हणजे बाप झाडाचा जाणकार आणि लेक उष्णतेची जाणकार. ‘आरती’नं ह्या कोळशावर चालणारा वाफेचा कुकरही केला, त्याचं नाव ‘सराई’. १०० ग्रॅम कांडी कोळशावर पाच माणसांचं वरण, भात, भाजी होते, असं त्यांचं गणित. २००२ साली ह्या कामाला इंग्लंडचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. एक सांगून ठेवतो, कोळसा धूर करत नाही म्हणून तो दार-खिडकी लावलेल्या खोलीत कधीही पेटवू नका. त्याचा न दिसणारा वायू झोपेतच जीव घेतो.

दुसरी गोष्ट गॅसची. ही त्यांची सगळ्यात उलटी कल्पना.

शेणाचा गॅस आपल्याकडे जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तर १८९७ सालीच मैल्यापासून गॅस केला होता. पुढे खादी ग्रामोद्योगानं गोबरगॅस गावोगाव नेला. तुमच्यातल्या कित्येकींनी तो वापरला असेल. आमच्या गटातल्या एका घरीही खड्डा आहे. दुष्काळात गुरं विकली, शेण संपलं, आणि आता त्या गॅसच्या लोखंडी टोपाखाली कोंबड्या बसतात. एका घराचा गॅस चालायचा, तर रोज ३०-४० किलो शेण लागतं. पाच-सहा गुरं दावणीला असली, तर ठीक. आपल्यात किती जणींच्या दारात आज पाच गुरं आहेत?

सगळे शास्त्रज्ञ म्हणत होते, गॅस करायचा तर शेण हवं. कर्व्यांनी सोपा प्रश्न विचारला. गॅस कोण करतं? शेणातले सूक्ष्म जंतू. ते जंतू मूळचे कुठले? गुराच्या पोटातले. मग पोटातले जंतू काय खातात? गुरानं खाल्लेला चाराच. म्हणजे शेण हे जंतूंचं जेवण नव्हे, ते जेवून उरलेलं उष्टं! चाऱ्यातला कस गुरानं आधीच काढून घेतला, दूध आणि बैलाची ताकद त्यातच गेली. उरला चोथा, तो आपण खड्ड्यात घालतो आणि चाळीस दिवस वाट बघतो. त्यापेक्षा जंतूंना कसदार जेवणच दिलं तर? पेशीनं उन्हातून साठवलेली साखर, पिठूळ पदार्थ सरळ दिले तर?

ही ऊर्जेची जमाखर्चाची वही होती. आपल्या बचत गटाच्या वहीसारखीच. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. शेणात शिल्लक थोडीच.

त्यांनी करून पाहिलं. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या घेतल्या, एक मोठी आणि एक जरा लहान. लहान टाकी मोठीत उपडी ठेवली. जंतू यावेत म्हणून सुरुवातीला शेणाचा काला घातला. मग गिरणीतलं सांडलेलं पीठ, शिळं अन्न, खराब झालेलं धान्य, अखाद्य बिया, असं एकेक घालून पाहिलं. दोन किलो अशा मालापासून सुमारे अर्धा किलो मिथेन वायू मिळाला, आणि तोही एका दिवसात. तेवढाच वायू शेणापासून काढायला सुमारे ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात. दावणीला एकही गुरू नसलेल्या घरातही गॅस होऊ शकतो, हे त्यातून दिसलं. २००६ साली ‘आरती’ला ह्याच कामासाठी दुसऱ्यांदा अॅशडेन पुरस्कार मिळाला.

ह्या गॅसची खोडही सांगायला हवी. जंतूंना झेपेल तेवढंच घालायचं. लग्नातलं उरलेलं सगळं एकदम ओतलं, तर टाकी आंबते आणि गॅस बंद पडतो. माणसाच्या पोटासारखंच आहे ते. आणि आपल्या घरात रोज दोन किलो अन्न वाया जात नाही, जाऊही नये. म्हणून हा गॅस एकेका घरापेक्षा शाळेची खिचडी, गिरणी, हॉटेल, भाजीबाजार अशा ठिकाणी जास्त जमतो. गटानं विचार करायचा, तर अशा जागेचा करावा.

आता तिसऱ्या तऱ्हेच्या कल्पना. ह्यांच्यावर अजून वाद आहे.

कर्वे म्हणत, पिकाला खताचं पोतं कशाला? मातीच्या कणात अन्नद्रव्यं भरपूर आहेत, पण ती पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून मुळांना मिळत नाहीत. मातीतले जंतू मात्र ती काढून घेऊ शकतात. त्या जंतूंना खायला साखर हवी. म्हणून शेतात कुजलेलं खत न घालता गूळ, साखर, हिरवा पाला असं कसदार काही थोडं थोडं घाला. जंतू वाढतील, मरतील, आणि त्यांच्या अंगातलं अन्न पिकाला मिळेल. गुळाचं पाणी शेतात घालणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतील. त्यामागचं शास्त्र ते असं सांगत.

कृषिशास्त्राच्या पुस्तकातलं म्हणणं वेगळं आहे. कच्चा, गोड माल घातला तर वाढणारे जंतू मातीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि काही दिवस पीक उलट पिवळं पडतं. शिवाय नत्र गेलं, तर ते कुठून तरी भरून यायलाच हवं.

दुसरी कल्पना हवेबद्दल. रात्री पीक कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड असतो. म्हणून वाफ्याभोवती प्लास्टिकच्या कागदाचं कुंपण केलं, वर छप्पर नसलं तरी तो वायू आत साचून राहील आणि सकाळी ऊन पडलं की पीक तो परत वापरेल, असं त्यांचं म्हणणं. ह्यावर भौतिकशास्त्राचा माणूस विचारेल, वाऱ्याची एक झुळूक आली की तो वायू हवेत मिसळणार नाही का? पीक चांगलं आलं, तर ते वायूमुळे, का कुंपणानं गरम वारा अडवला आणि ओल टिकली म्हणून? पीक वाढलं हे खरं असू शकतं आणि त्याचं सांगितलेलं कारण चूक असू शकतं. श्टॉपेलबाईंच्या बाबतीत तसंच झालं होतं. पानं खरंच वेळेवर मिटत होती, कारण मात्र हवेतली वीज नव्हतं, पाणी घालणाऱ्याच्या हातातला दिवा होता.

मग आपण काय करायचं? मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही, आणि पुस्तकात नाही म्हणून हसायचंही नाही. तळघरात जायचं! दोन सारखे वाफे घ्या. एकच बी, एकच दिवस, सारखंच पाणी. एका वाफ्यात गुळाचं पाणी, दुसऱ्यात साधं. निघालेला माल दोन्हीकडचा तराजूत तोला आणि गटाच्या वहीत लिहा. एका गटानं एकदा केलं, तर योगायोग असेल. पाच गटांनी दोन हंगाम केलं, तर काहीतरी बोलता येईल. पूर्ण रानावर मात्र पहिल्याच वर्षी खेळू नका.

शेवटी पुन्हा फडात जाऊ. आम्ही पाचटाच्या कोळशाची ही गोष्ट गटात सांगितली, तेव्हा बारा हंगाम कोयता धरलेली एक मावशी म्हणाली, “बाई, पाचट मालकाचं, रान मालकाचं. आम्ही आज इथं, उद्या दुसऱ्या फडात. भट्टी कुठं बांधू?” आम्ही गप्प झालो. तंत्र खरं आहे, भट्टी पेटते, कोळसा होतो. पण पाचट जिच्या पायाखाली आहे, तिच्या मालकीचं ते नाही. आज शेतकऱ्यालाही सांगतात, पाचट जाळू नका, रानातच कुजवा, मातीला फायदा आहे. तेही बरोबरच. पण तेव्हाही कोपीतल्या चुलीचा प्रश्न तिथेच राहतो.

म्हणून नवी गोष्ट आली की तीन प्रश्न विचारू या. एक, कुणी करून पाहिलं आणि कसं मोजलं? दोन, सांगितलेलं कारणच खरं, का दुसरं काही? आणि तीन, हे ज्या बाईच्या चुलीवर चालायचं, तिला विचारलं का? पहिले दोन प्रश्न शास्त्रज्ञांनी शिकवले. तिसरा त्या मावशीनं शिकवला.

टोळ्या निघायच्या आधी गटाची एक बैठक घ्या. जाणाऱ्या बायांना विचारा, यंदा फडावर चुलीला जळण काय मिळणार आणि ते मुकादमाशी आधीच ठरवता येईल का. ठरलेलं वहीत लिहा. होळीनंतर टोळ्या परत आल्या की ती वही उघडू आणि काय झालं ते ह्याच ठिकाणी बोलू.

तोवर, जाणाऱ्यांनी सांभाळून जा आणि मागे राहणाऱ्यांनी त्यांची लेकरं शाळेत जातात की नाही, तेवढं बघा. राम राम.